दुखेपर्यंत चाला, थांबेपर्यंत बोला

किस्से जमतात कुठे? जिथे माणसाला बसून राहण्याशिवाय दुसरं काम नसतं तिथे! कटिंगच्या दुकानात, आरटीओच्या बाकावर आणि आमच्या चालण्याच्या खोलीत.

चालण्याच्या खोलीत माणसं बसतात कशी, असं विचाराल. तीच तर गंमत आहे. मी फिजिओथेरपिस्ट. गंगापूर रोडच्या एका गल्लीत आमचं हॉस्पिटल आणि पहिल्या मजल्यावर, लिफ्टच्या शेजारी, माझी खोली. भिंतीला लागून ट्रेडमिल, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या. आमचे सर, म्हणजे इथले व्हॅस्क्युलर सर्जन, माझ्याकडे पाठवतात ते पायाच्या रक्तवाहिन्या आतून चोंदलेले लोक. हृदयाच्या नळ्या ब्लॉक होतात हे सगळ्यांना माहीत असतं. पायाच्याही होतात हे सांगितलं की निम्मे लोक माझ्याकडे असं बघतात, जणू मी त्यांना काहीतरी विकायला बसले आहे! अशा माणसाची पोटरी थोडं चाललं की आवळून येते. थांबलं की मोकळी होते. पुन्हा चाललं की पुन्हा आवळते.

त्यावरचा व्यायाम असा: माझ्या नजरेसमोर पोटरी चांगली दुखेपर्यंत चालायचं. मग बसायचं. दुखणं पूर्ण थांबलं की पुन्हा उठायचं. आठवड्यातून तीनदा, तीन महिने. म्हणजे अर्धा वेळ ट्रेडमिल आणि अर्धा वेळ खुर्ची! आणि खुर्चीत बसलेला माणूस गप्प बसलाय, असं माझ्या नोकरीत तरी अजून झालेलं नाही.

इतकी वर्षं झाली, आता आपल्याला कशाचाही धक्का बसणार नाही, असं मी दर सोमवारी स्वतःला सांगते. बुधवारी पुन्हा तोंडाचा आ करून उभी असते.

* * *

तात्या पहिल्यांदा आले तेव्हा सोबत मुलगा होता, महेश. अंबडला एका कंपनीत इंजिनिअर.

तात्या लासलगावकडच्या एका छोट्या उपबाजारात कांद्याचा लिलाव पुकारतात. ट्रॅक्टर-ट्रॉल्या रांगेत उभ्या, तात्या पुढे, व्यापाऱ्यांचा घोळका मागे. एकेका ट्रॉलीपाशी थांबून तात्या बोली चढवणार, शेवटच्या बोलीवर भाव तोडणार आणि पुढच्या ट्रॉलीकडे वळणार. आवाज असा की माझ्या खोलीत त्यांनी नुसतं "नमस्कार" म्हटलं आणि खाली केस पेपरच्या खिडकीत बसलेल्या मुलीने वर बघितलं.

मी व्यायाम समजावून सांगितला. तात्या ऐकत राहिले. मग महेशकडे वळून म्हणाले, "पाय दुखतो म्हणून हितं आणलं ना मला? ह्या तर दुखंपर्यंत चाला म्हणत्यात. घरी फुकट दुखत होतं की!"

मी म्हटलं, "तात्या, एक म्हणजे नुसती चाहूल, चार म्हणजे सहन होत नाही. साधारण तीन झालं की थांबायचं. दुखणं चढेल तसा आकडा सांगत राहा."

एवढंच सांगितलं हो मी! पट्टा सुरू केला. तात्या थोडं चालले. मग तात्यांनी मान वर केली, एक हात हवेत उडवला आणि सुरू झाले:

"एक! एक, एक, एक... सव्वा! सव्वा, सव्वा... दीड बोला, दीड! दोन! दोन, दोन..."

शेजारच्या ट्रेडमिलवरच्या गुरुजींनी घाबरून लाल बटण दाबलं. बाहेरून सिस्टर धावत आली. कुणाचं तरी भांडण लागलंय म्हणून वॉचमन जिना चढून वर आला. महेशने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"अडीच! अडीच, अडीच... तीन! तीन एक वार, तीन दोन वार, तीन तीन वार... दिला!"

तात्यांनी दांडीवर थाप मारली, पट्ट्यावरून उतरले आणि खुर्चीत बसले. मी अजून बटणावर बोट ठेवून उभी होते. दुखण्याचा लिलाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

खुर्चीत बसल्यावर मात्र त्यांचा आवाज एकदम खाली आला. महेश पाणी आणायला गेलेला बघून ते म्हणाले, "मॅडम, आमच्या दादाचा पाय कापला. गुडघ्याच्या वरून. त्याचंबी असंच पोटरीपासून सुरू झालं होतं. माझा राहील ना?"

मी म्हटलं, "तात्या, शब्द देणारी मी कोण? पण आपण वेळेवर आलोय. सरांनी सांगितलंय, आधी तीन महिने चालायचं, तंबाखू बंद, गोळ्या वेळेवर. मग बघू, वाहिनीत फुगा घालून ती उघडायची की नाही."

"पाय गेला तर मला गेटवर बसवतील, पावत्या फाडायला. पुकारा गेला मग माझा." एवढं बोलून ते पोटरी चोळत बसले. त्या दिवसापासून दर खेपेला त्यांच्या पायाची नाडी मी दोनदा बघायचे.

* * *

आता ते गुरुजी. पंचवटीतले. गोदाघाटावर यात्रेकरूंचे विधी सांगतात, त्यामुळे जन्मभर दगडावर अनवाणी.

चालायला लावण्याआधी मी प्रत्येकाची पावलं तपासते. पावलाच्या वर आणि घोट्यामागे नाडी लागते का बघते. पहिल्या दिवशी मी गुरुजींच्या पायाशी वाकले, तर त्यांनी उजवा हात वर केला, डोळे अर्धे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "अष्टपुत्रा सौभाग्यवती भव!"

मी उडालेच! माझी पन्नाशी उलटलीय. मोठी मुलगी पुण्यात नोकरीला आहे.

"गुरुजी, मी नाडी बघतेय!"

"असू द्या हो. कोणी पायाशी वाकलं की आपोआप येतं."

पुढच्या खेपेला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा. सिस्टर लोक ठरलेल्या वेळी दारात येऊन उभ्या राहायला लागल्या. शेवटी मी हात जोडून म्हटलं, "गुरुजी, निदान संख्या तरी कमी करा." ते मनापासून विचारात पडले. पुढच्या खेपेला मी वाकले तेव्हा म्हणाले, "इच्छितकार्यसिद्धिरस्तु!"

मी खूश होऊन दुसरं पाऊल उचललं आणि माझा हात तिथेच थांबला. अंगठ्याखाली, तळव्यात, हिरव्या बांगडीची काच घुसलेली होती. भोवतालची कातडी पांढरी पडून भिजट झालेली.

"गुरुजी, ही काच कधी लागली?"

त्यांनी वाकून स्वतःच्या तळव्याकडे असं बघितलं, जणू पाय दुसऱ्या कुणाचा आहे. "काच? काच आहे होय?"

जुनी शुगर. संवेदना गेलेल्या. वर पायाला रक्त कमी, म्हणजे जखम भरायलाही मुश्कील. मी नाडी बघायला वाकले नसते तर त्या काचेवर मोजा चढवून, बूट घालून ते माझ्याच ट्रेडमिलवर चालले असते! 

सरांनी लगेच जखम साफ केली आणि ती भरेपर्यंत चालणं बंद केलं. गुरुजींना काचेपेक्षा त्याचाच धक्का जास्त बसला. "चाला म्हणालात म्हणून चालायला लागलो. आता चालू नका म्हणता!"

पुढच्या बुधवारी ठरलेल्या वेळी ते रिक्षाने हजर. पायाला ड्रेसिंग, हातात उपरणं. "गुरुजी, तुम्हाला बंदी आहे ना?"

"चालायला आहे. बसायला नाही ना?"

तेव्हापासून कोपऱ्यातली खुर्ची त्यांची.

* * *

नामपूरचे आबा मुलीकडे इंदिरानगरला राहून यायचे. बोलणं अहिराणी, माणूस शांत.

आबांनी मला एकदा भलताच आनंद दिला. पहिल्याच आठवड्यात ते ट्रेडमिलवर चढले आणि चालतच राहिले. दुखणं शून्य! बसायला तयार नाहीत. मी दर थोड्या वेळाने विचारतेय, "आबा, दुखतंय?" ते मान हलवतायत. मला वाटलं, चमत्कार झाला. मी धावत जाऊन सरांना ओपीडीतून उठवून आणलं.

सरांनी दारातूनच एकदा बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, पाय नका बघू. हात बघा."

मी हात बघितले. आबा समोरच्या दांडीवर सगळं अंग रेलून, कोपर ताठ करून, खाली दाबत होते. पायांवर वजनच नव्हतं. पाय नुसते पट्ट्यावरून घासत चालले होते.

"आबा, दांडी सोडा!"

"नै, नै! सोडी दिधी ते तास वाकडं व्हई जाई!"

झालं! आबांनी जन्मभर बैलांच्या मागे पेरणीची पाभर धरली. तास म्हणजे पेरणीची रेघ, ती सरळ आणि खोल जायला हवी तर पाभर दाबूनच धरावी लागते. त्यांनी माझं ट्रेडमिल पेरायला घेतलं होतं!

मी त्यांचे हात सोडवले, तशी पोटरी चटकन बोलायला लागली. आबा खाली उतरले, मागे वळून पट्ट्याकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवून म्हणाले, "इतलं चालनू, तरी जागावरच शे!"

सर अजून तो किस्सा नवीन डॉक्टरांना सांगतात. माझ्या आनंदाचा भाग मात्र जरा वाढवूनच सांगतात.

* * *

तंबाखूचा किस्सा सांगितला नाही तर काकू मला माफ करणार नाहीत. काकू म्हणजे तात्यांची बायको. महेशची ड्युटी असली की त्या सोबत यायच्या.

पहिल्या महिन्यानंतर मी विचारलं, "तात्या, तंबाखू?"

"सोडली. देवाशपथ."

काकू म्हणाल्या, "खिसे मी रोज तपासते, मॅडम. सदरा, पायजमा, पिशवी, गादीखाली, समदं. काय नाय सापडत."

मी समाधानाने खाली बसले आणि मोज्यावरूनच उजव्या पावलाला हात लावला. बोटांना काहीतरी टणक लागलं. मी दचकले. मागच्या खेपेला तिथे काही नव्हतं! सूज? गाठ? पायाच्या बाबतीत माझं मन आधी वाईटावरच जातं. मी घाईघाईने मोजा खाली ओढला.

चुन्याची डबी! आणि तिला चिकटून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पुडी. पावलाच्या बरोबर त्या जागेवर, जिथे मी दर खेपेला नाडी शोधते.

 तात्या छताच्या पंख्याकडे बघायला लागले. कोपऱ्यातून गुरुजी हळूच म्हणाले, "जागा मात्र अचूक निवडली हो."

काकू उठल्या. मला वाटलं, आता तात्यांची खैर नाही. पण त्यांनी डबी उचलली, उघडून बघितली, परत बंद केली आणि मटकन बसल्या. डोळ्यांत पाणी.

"मॅडम, महिनाभर हे आपले मोजे आपल्या हातानं धुत्यात. अन् मी साऱ्या भावकीत सांगत सुटले, नाशकाच्या मॅडमनी ह्यांना किती सुधारलं म्हणून!"

मला हसू की रडू कळेना. मग राग मात्र खरा आला. मी तात्यांना चांगलं झापलं. इथे घाम गाळून रक्तवाहिन्यांना सैल व्हायला शिकवायचं आणि बाहेर जाऊन तंबाखूने पुन्हा आवळायच्या, मग येता कशाला एवढ्या लांब? दादांचा पाय आठवत नाही का?

दादांचं नाव काढलं तसे तात्या उठले. काकूंच्या हातातली डबी पुडीसकट त्यांनी स्वतः कचऱ्याच्या डब्यात टाकली. तरी त्या दिवसापासून माझ्यासमोर मोजे काकूच काढतात.

* * *

एकदा तात्या चालून बसले होते. गुरुजींनी विचारलं, "तात्या, एक सांगा. तुमचं काम चालण्याचं. इतके दिवस यार्डात कुणाला कळलं कसं नाही?"

तात्या हसले. "कसं कळंल? लिलावात माणूस चालतो कुठं? थांबतोच की! दोन पावलं टाकली का आली ट्रॉली. थांबा, पुकारा, तोडा. पुढं दोन पावलं, परत ट्रॉली. रांगेच्या मधात आलो का पाय भरून यायचा. मग मी काय करायचो, कांदा हातात घ्यायचो, सोलायचो, हुंगायचो, उन्हात धरून बघायचो. पुकारा लांबवायचो. पाय मोकळा झाला का मग तोडायचो."

मी ऐकतच राहिले. म्हणजे आम्ही इथे ट्रेडमिल लावून जे करतो, तेच हा माणूस कांद्याच्या ट्रॉल्यांमध्ये करत होता! फक्त आमच्याइतकं चालत नव्हता.

"मग त्या मधल्या ट्रॉलीला भाव चांगला मिळत असेल," गुरुजी म्हणाले.

"मिळायचाच! पुकारा लांबला का एखादा व्यापारी चढतोच. लोकांना वाटतं ती जागा पावते. कुणीतरी तिथं दर सोमवारी नारळ फोडतं, बोला आता! माझा पाय दुखतो अन् नारळ जागेला!"

आम्ही सगळे हसलो. काकूसुद्धा.

"आणि वरातीत?" मी विचारलं.

"वरात तर थांबतच असती, मॅडम. बँडवाला पावलापावलाला थांबतो. काय अडचण नाय." तात्यांनी कपाळाला हात लावला. "गोची झाली ती अंत्ययात्रेत. तिथं मधात एकच विसावा!"

त्यांचा एक चुलतभाऊ वारला. तात्यांनी खांदा दिला. विसाव्याची जागा अजून लांब होती आणि पोटरी अशी आवळली की पाऊल उचलेना. खांद्यावर तिरडी. काय करणार? तात्या त्यांच्या त्या लिलावाच्या आवाजात ओरडले, "थांबाऽऽ!"

सगळी यात्रा जागच्या जागी गार. पुढे मडकं धरलेला मुलगा मागे फिरला. कुणीतरी किंचाळलं, "हालले काय?" दोन जण तर पळाले! एका म्हाताऱ्याने तिरडीवरचं कापड बाजूला करून तोंड बघितलं.

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"काटा मोडला म्हणालो. लंगडत लंगडत खांदा बदलून घेतला. समद्यांना पटलं. फक्त महेश मागून बघत होता, त्यानं ओळखलं. दुसऱ्या दिवशी हितं घेऊन आला." मग तात्यांनी बजावलं, "यार्डात अजून कुणाला ठाव नाय हां. दुपारी लिलाव उरकून हिकडं येतो, तर दाताचं काम काढलंय म्हणून सांगितलंय."

"तीन महिने दाताचं काम?"

"कवळी बसवायची म्हणालो. खालची-वरची."

* * *

तीन महिने झाले. तात्या आता पट्ट्यावर असे चालायचे की लिलाव "दीड"च्या पुढे सरकायचाच नाही. मी मनातल्या मनात पेढे वाटत होते. आणि मग तपासणी झाली.

या तपासणीत दंडाचं आणि घोट्याचं प्रेशर मोजतात आणि दोन्हींची तुलना करतात. पायाला किती रक्त पोचतंय याचा अंदाज येतो. महेशने आधीचा आकडा मोबाइलमध्ये ठेवला होता. त्याने दोन्ही आकडे बघितले. मग मी बघितले.

जवळजवळ तोच आकडा!

असं होतं, हे मला माहीत आहे. कित्येकदा होतं. तरी दर वेळी मला धक्का बसतोच. समोरचा माणूस दुप्पट-तिप्पट चालायला लागलेला असतो आणि घोट्यावरचा आकडा जिथे होता तिथेच!

महेश तापला. "मॅडम, मग सुधारलं काय? ब्लॉक तसाच आहे म्हणजे!"

"ब्लॉक तसाच आहे," मी म्हटलं.

तात्यांचा चेहरा उतरला. मला तो बघवेना. त्यांना वाटत होतं, चालून चालून आतला बोळा निघून जाईल. दादांच्या पायाचं भूत पुन्हा त्यांच्या मानेवर बसलं, हे मला सरळ दिसत होतं.

सर आले. त्यांनी महेशला बसवून समजावलं. चालण्याने मोठ्या वाहिनीतला अडथळा जात नाही. फरक पडतो तो बाकीच्या जागी. जास्त रक्त लागलं की वाहिनीने सैल व्हायचं असतं. आजारात तिचं आतलं अस्तर ते विसरतं, चालण्याने ते पुन्हा जमायला लागतं. स्नायूंत केसासारख्या बारीक वाहिन्या वाढतात. आलेल्या रक्तातून स्नायू जास्त प्राणवायू काढून घ्यायला शिकतात. काही जणांत अडथळ्याला वळसा घालणाऱ्या आडवाटाही रुंदावतात, पण कुणाच्या किती, ते छातीठोक सांगता येत नाही. या सगळ्याचा घोट्यावरच्या आकड्यात पत्ताही लागत नाही.

"पण सर, मशीन तर म्हणतंय..." महेश अडून बसला. पाच-दहा मिनिटं ते दोघं आकड्यांवरून हुज्जत घालत होते. मी मध्येमध्ये बोलत होते.

"हे कुठं गेले?" काकू एकदम म्हणाल्या.

तात्यांची खुर्ची रिकामी! बाथरूममध्ये नाहीत. कॉरिडॉरमध्ये नाहीत. लिफ्टवाला म्हणाला, इकडे आलेच नाहीत.  उतरलेल्या चेहऱ्याचा माणूस न सांगता उठून जातो तेव्हा मनात काय काय येतं, ते मी सांगत नाही. काकू रडायला लागल्या. महेश जिना उतरून धावला. सर गेटपर्यंत गेले. ड्रेसिंगच्या पायाने गुरुजीही उठले, त्यांना मी ओरडून खाली बसवलं.

बराच वेळ गेला. आणि जिन्यावरून तात्या वर आले. घामाने सदरा चिंब. मागे महेश, त्याला धाप लागलेली.

"तात्या! कुठे होतात?" मी जवळजवळ किंचाळले.

"मशीन खोटं बोलतं का मी, ते बघाया गेलो होतो," तात्या म्हणाले. "कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत गेलो अन् आलो. मधी कुठं थांबलो नाय. जिनाबी चढलो." मग सरांच्या त्या तपासणीच्या यंत्राकडे बोट करून म्हणाले, "त्याला सांगा तेवढं."

सरांनी फुग्याचा विषय तूर्त बाजूला ठेवला. चालणं मात्र सोडायचं नाही, हे चारचारदा बजावलं.

* * *

आणि आता शेवटचा दिवस. म्हणजे तात्यांचा माझ्या खोलीतला शेवटचा.

तात्या पट्ट्यावर होते, भिंतीकडे तोंड करून. काकू पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या. गुरुजी त्यांच्या कोपऱ्यात. एवढ्यात दारात तीन माणसं येऊन उभी राहिली. डोक्याला टोप्या, कपड्यांवर कांद्याची टरफलं.

"मॅडम इथंच बसत्यात का?" त्यातले वयस्कर गृहस्थ म्हणाले.

आवाज ऐकून तात्यांनी मान वळवली आणि पट्ट्यावर अडखळले. मी लाल बटण दाबलं.

"कारभारी? तुम्ही हितं?"

"दाताचं काम झालं का, तात्या?" कारभारी गंभीरपणे म्हणाले.

तात्यांनी काकूंकडे बघितलं. काकू छताकडे बघायला लागल्या.

ते तिघंही तात्यांच्या यार्डात कांदा आणणारे शेतकरी होते. मला वाटलं, आता भांडण होणार. तात्यांनी इतके दिवस लपवलं, ते फुटलं! उद्या ते गेटवर बसणार! मी उगाचच पुढे होऊन म्हटलं, "तात्यांचा पाय आता छान आहे हं."

"तेच तर इचारायला आलो, मॅडम," कारभारी म्हणाले. "आता ट्रॉल्या मोकळ्या लावल्या तर चालंल ना?"

मला काही कळेना. "कुठल्या ट्रॉल्या?"

"यार्डातल्या. लय दिवस झाले, आम्ही चिकटून लावतो. तात्याला जास्ती चालावं लागू नये म्हणून. पण मग लिलाव झाला तरी मधल्या माणसाला बाहेर निघता येत नाय. समद्यांचं उरकंस्तोवर बसून राहावं लागतं. आता तात्या बरा दिसतोय, म्हणून म्हणलं, तुम्हाला इचारून घ्यावं."

तात्या दांडी धरून उभे. "तुम्हाला माहीत होतं?"

"तात्या, ज्या माणसाला कांद्याची पारख लांबून होती, तो एकाएकी कांदा सोलून हुंगत बसला. आम्हाला काय कळत नाय व्हय?"

"अन् तो काटा? मयताच्या दिवशी?"

"मसणाची वाट डांबरी हाय, तात्या. डांबरात काटा कुठून येणार?"

मागचा तरणा गडी हसला. कारभाऱ्यांनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

तात्यांचा तो आवाज, केस पेपरच्या खिडकीपर्यंत जाणारा, एवढासा झाला होता. "मग बोलला का नाय कुणी?"

"बोललो असतो तर तुला गेटवर बसवलं असतं."

 तेव्हा कोपऱ्यातून गुरुजींनी विचारलं, "आणि तो नारळ?"

"कोणता नारळ?"

"मधली जागा पावते म्हणून दर सोमवारी फोडता तो."

कारभाऱ्यांनी आधी सोबतच्या दोघांकडे बघितलं, मग गुरुजींकडे. "जागेला कोण नारळ फोडतं, गुरुजी? तो तात्याच्या पायासाठी होता."

तात्या पट्ट्यावरून उतरले आणि जवळची खुर्ची ओढून तिच्यात बसले. ते बसले म्हणजे पोटरी भरून आली असणार, म्हणून मी सवयीने वाकले आणि विचारलं, "तात्या, किती?"

"दुखत नाय, मॅडम," तात्या म्हणाले. "आज काहीच दुखत नाय." आणि खाली केस पेपरच्या खिडकीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात रडायला लागले.